पोस्टपेड सोडताना नोटीस आणि दंड : २५० रुपयांच्या सवलतीला १,७७० रुपयांचा भुर्दंड?

कर्वेनगरकर
माझे सासरे ७८ वर्षांचे. अकरा वर्षं एकाच कंपनीचं पोस्टपेड, एकदाही बिल थकवलं नाही. आता ते दिरांकडे नाशिकला राहायला गेलेत आणि हाच नंबर दिरांच्या दुसऱ्या कंपनीच्या फॅमिली प्लॅनमध्ये घ्यायचाय. ६ ऑगस्टला मी कंपनीच्या गॅलरीत, म्हणजे दुकानात गेले. काउंटरवर दोन गोष्टी कळल्या. एक, बिल सायकल ४ तारखेला सुरू झालीय, तेव्हा मधेच सोडलं तरी महिन्याचं पूर्ण भाडं भरावं लागेल. दोन, मार्चमध्ये 'वर्षभराचा सवलत प्लॅन' घेतलाय, म्हणून एक्झिट चार्ज (मुदतीआधी सोडल्याचा दंड) १,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १,७७०.

हा प्लॅन घेतला कधी? मार्चमध्ये एक फोन आला होता. "काका, दरमहा ५० रुपये सूट देतोय, चालेल ना?" सासरे म्हणाले, "हो, चालेल." बस. सही नाही, कागद नाही. पाच बिलांत मिळालेली सूट २५० रुपये.

माझं म्हणणं एवढंच : जाणाऱ्याकडून दिलेली सूट परत घ्या, हँडसेट दिला असेल तर त्याचे उरलेले पैसे घ्या. त्यापुढे एक रुपयाही घ्यायचा हक्क कंपनीला नसावा.

पूर्वी_काउंटरवर
ताई, मी कॅम्पातल्या एका गॅलरीत चार वर्षं काउंटर सांभाळला आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. लोक फॅमिली प्लॅन घेतात, तीन सिम घेतात, सवलतीचे महिने वापरतात आणि चौथ्या महिन्यात दुसरीकडे जातात. वर्षभर राहणार म्हणूनच दर कमी लावलेला असतो. मुदत पाळायची नसेल तर बिनसवलतीचा प्लॅन घ्यावा, तोही मिळतो. आणि महिन्याच्या भाड्याचं म्हणाल, तर पुण्यात अकरा महिन्यांच्या करारावर फ्लॅट घेतला की लॉक-इन असतो, एक महिन्याची नोटीस असते. तिथे आपण काही बोलत नाही.

शनिवारपेठी
फ्लॅटची तुलना इथे लागू पडत नाही. भाडेकरू अचानक गेला तर फ्लॅट रिकामा पडतो, मालकाचं भाडं बुडतं, म्हणून नोटीस. सिम बंद झाल्यावर काय रिकामं पडतं? टॉवर तिथेच, दुसऱ्या दिवशी त्यावर दुसरा कोणी बोलतो.

कायदाही हाच प्रश्न विचारतो. १८७२ च्या करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अनुचित करार' अशी स्वतंत्र व्याख्या आली, त्यात नुकसानीच्या मानाने अवाजवी दंड स्पष्ट लिहिलाय. अडचण अशी की करार अनुचित आहे ही तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे चालत नाही, राज्य आयोगाकडे न्यावी लागते. १,७७० रुपयांसाठी तिथवर कोण जाणार? ज्या पुण्यात १९७४ साली ग्राहक पंचायत उभी राहिली, तिथले लोकसुद्धा "जाऊ दे" म्हणून पैसे भरतात. मला हेच खटकतं.

वाकड_ते_मँचेस्टर
इकडे ब्रिटनमध्ये ऑफकॉमने (इथली दूरसंचार नियामक संस्था) १ जुलै २०१९ पासून नियम बदलला. ६५०७५ वर एक एसएमएस केला की नंबर हलवायचा कोड येतो, तो ३० दिवस चालतो. नवीन कंपनीत गेल्या दिवसापुढच्या नोटीशीचे पैसे घ्यायला बंदी आहे. पूर्वी लोक महिनाभर दोन दोन बिलं भरायचे. पण किमान मुदत संपायच्या आत सोडलं तर उरलेले पैसे इथेही भरावे लागतात, आणि तो कोड पाठवताना ती रक्कम आधी सांगावी लागते. म्हणजे नोटीशीबद्दल मी कर्वेनगरकरांच्या बाजूने, मुदतीबद्दल पूर्वी_काउंटरवर यांच्या.

हडपसर_गाडीतळ
एवढी चर्चा कशाला? पोर्ट करा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदला, आणि मोकळे व्हा. PORT शब्द, स्पेस, नंबर असा मेसेज १९०० वर टाकायचा, कोड येतो, चार दिवस चालतो. एकाच सर्कलमध्ये (टेलिकॉम विभागात) तीन कामकाजाच्या दिवसांत नंबर हलतो. पुणे, नाशिक एकच सर्कल. जुन्या कंपनीच्या काउंटरवर जायची गरजच नाही.

शनिवारपेठी
इतकं सोपं नाही. पोर्टिंग नाकारायची कारणं ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांतच दिलीयत : नेटवर्कवर ९० दिवस झालेले नसणं, मुदत उलटलेलं बिल थकलेलं असणं, आणि करारातली एक्झिटची अट पूर्ण केलेली नसणं. म्हणजे त्या फोनवरच्या 'हो'ला करार मानलं, तर तोच पोर्टिंगही अडवू शकतो. आणि पोर्ट झाल्यावर जुन्या कंपनीचं शेवटचं बिल बुडवलं, तर नव्या कंपनीकडचा नंबरही बंद होऊ शकतो.

कर्वेनगरकर
हडपसर, सुचवल्याबद्दल आभार, पण कोड मागितला आणि नाकारला गेला. कारण हेच.

यातून मला एक गोष्ट सुचली. कॉलर ट्यूनसारखी सेवा सुरू करायची तर २०१३ पासून ग्राहकाची दुसऱ्यांदा संमती घ्यावी लागते, मेसेजवर. तीस-चाळीस रुपयांच्या गाण्याला दोनदा विचारायचं आणि वर्षभराच्या बंधनाला एकदाच, तेही सवलतीच्या वाक्यात गुंडाळून? सासऱ्यांना 'एक्झिट' हा शब्द कुणी ऐकवलाच नाही. ते तीस वर्षं बँकेत होते, वाचल्याशिवाय सही करत नाहीत. फसवलं गेल्यासारखं त्यांना वाटतंय, आणि पैशांपेक्षा मला तेच जास्त लागलंय.

पूर्वी_काउंटरवर
हे वाचून माझं मत एका बाबतीत बदललं. फोनवर मुदत सांगितलीच नसेल तर तो करार नव्हे, तुम्ही त्या कॉलचं रेकॉर्डिंग मागाच. मात्र सही करून घेतलेल्या मुदतीबद्दल मी ठाम आहे. ती मोडणाऱ्याने पैसे भरायलाच हवेत, नाहीतर सवलत कुणालाच मिळणार नाही. आणि ताई, गॅलरीत तोंडी बोलून काही होत नाही, तिथल्या मुलाच्या हातात काहीच नसतं. कस्टमर केअरला तक्रार करा, डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून ठेवा. उत्तर पटलं नाही तर कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा, फी नाही, त्यांना ३९ दिवसांत निकाल द्यावा लागतो. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा.

कर्वेनगरकर
डॉकेट नंबर आजच घेतला. रेकॉर्डिंग लेखी मागितलंय. चालू महिन्याचं भाडं भरून टाकते आणि सवलतीचे २५० परत द्यायची तयारीही त्याच पत्रात लिहिलीय. बाकीचे भरणार नाही. सासऱ्यांनीच पत्राचा मसुदा तपासला, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं आणि खाली स्वतः सही केली.