लघुग्रह आदळण्याची टक्केवारी आधी चढते आणि मग एकदम शून्यावर का येते?

शंकासूर:
२०२४ वायआर४ या लघुग्रहाच्या बातम्या आठवत असतीलच. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस सापडला. जानेवारी संपता संपता '२२ डिसेंबर २०३२ ला पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर' असं जाहीर झालं, १८ फेब्रुवारीला नासाचा आकडा ३.१ वर गेला आणि त्यानंतर आठवड्याच्या आत सगळं थंड. अपोफिस या लघुग्रहाचंही २००४ साली हेच झालं होतं, २.७ टक्क्यांपर्यंत चढून गायब.

त्या दिवशी लघुग्रह जिथे जिथे असू शकतो त्या पट्ट्यात पृथ्वी असेपर्यंत पट्टा आकसला की टक्केवारी वाढते, हे नेहमीचं स्पष्टीकरण माहीत आहे. पण आकडा वाढणारच हे आधीच ठाऊक असेल, तर तो आधीच वाढवून का सांगत नाहीत? आणि आकार '४० ते ९० मीटर' इतका ढगळ का? पुढच्या वेळी अशी बातमी आली तर टक्केवारी सोडून नेमकं काय बघावं?

लंबवर्तुळ:
पहिली शंका रास्त आहे, आणि नेहमीचं स्पष्टीकरण तिथेच अर्धवट सोडलं जातं.

आधी पट्टा कुठून येतो ते. दुर्बिणीतून लघुग्रहाची आकाशातली दिशा फार अचूक कळते, पण अंतर थेट कळत नाही. त्यामुळे थोड्या दिवसांच्या निरीक्षणांवरून कक्षेचं प्रतल बरं ठरतं आणि परिभ्रमणकाळ कच्चा राहतो. वायआर४ चा परिभ्रमणकाळ सुमारे ४ वर्षांचा, म्हणजे २०३२ पर्यंत दोन फेऱ्या. परिभ्रमणकाळात एका तासाची चूक धरली तर दोन फेऱ्यांनी दोन तास. पृथ्वीच्या कक्षेजवळ त्याचा सूर्याभोवतीचा वेग सेकंदाला ३८ किमीच्या आसपास असतो, म्हणजे जागेतला फरक पावणेतीन लाख किमी झाला. ही चूक कक्षेच्या दिशेनेच साठते. म्हणून पट्टा लांबच लांब आणि अरुंद असतो.

पृथ्वीचा व्यास १२,७५६ किमी. पट्टा पावणेतेरा लाख किमी लांब असेल आणि पृथ्वी त्यात असेल तर ढोबळ शक्यता १ टक्का. पट्टा सव्वाचार लाखांवर आला आणि पृथ्वी अजून आतच असेल तर ३ टक्के. (खरं तर पट्ट्याच्या मध्यावर शक्यता जास्त आणि टोकांना कमी असते, पण अंदाजासाठी एवढं पुरे.)

आता तुमचा मुद्दा. आकडा वाढणार हे आधी ठाऊक नसतं! १ टक्क्यावर असलेला आकडा ३ पर्यंत पोचण्याची शक्यता तीनात एक, त्याहून जास्त नाही. उरलेल्या दोन तृतीयांश लघुग्रहांच्या बाबतीत आकडा ३ गाठण्याआधीच पृथ्वी पट्ट्याबाहेर पडते, ते धोक्याच्या यादीतून जातात आणि त्यांची बातमी होत नाही. आपल्यापर्यंत फक्त चढलेले पोचतात, म्हणून 'नेहमी आधी चढतो' असं वाटतं. गणित सरळ असेल तर उद्याच्या आकड्याची सरासरी आजच्या आकड्याएवढीच यायला हवी. आधीच वाढवून सांगितला तर तो आकडा चुकीचा ठरेल.

मंदप्रत:
वर म्हटलंय ते बरोबर. निरीक्षणांच्या बाजूने थोडी भर घालतो, कारण वायआर४ चा आलेख नीट पाहिला तर त्यात चंद्रसुद्धा दिसतो.

हा लघुग्रह पृथ्वीच्या सर्वांत जवळ आला २५ डिसेंबरला, सुमारे ८ लाख २९ हजार किमीवर, आणि चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला सापडला २७ ला. म्हणजे सापडला तेव्हाच दूर चालला होता. रोज मंद होत जाणारी वस्तू, त्यात १२ फेब्रुवारीच्या सुमारास पौर्णिमा. चंद्रप्रकाशात इतका मंद ठिपका पार्श्वभूमीतून वर येत नाही, मोठ्या दुर्बिणीलाही नाही. चंद्र बाजूला झाल्यावर नवी मापं आली आणि काही दिवसांत आकडा ३.१, मग १.५, मग ०.२८ असा गडगडला.

त्याच वेळी युरोपीय अवकाश संस्थेचा कमाल आकडा २.८ होता. यावरून 'दोघांचं जमत नाही' अशी टीका झाली, ती बिनबुडाची. मापं तीच असतात. कुठल्या वेधशाळेच्या मापाला किती वजन द्यायचं याची पद्धत वेगळी, म्हणून पहिल्या दशांश स्थळात फरक पडतो.

आकाराचं गणित घरी करता येतं. व्यास (किमी) = १३२९ भागिले परावर्तनक्षमतेचं वर्गमूळ, गुणिले १० चा (–एच/५) वा घात. एच म्हणजे निरपेक्ष प्रत, ठरावीक अंतरावर ठेवला तर लघुग्रह किती चमकेल त्याचा आकडा. वायआर४ साठी एच २४ धरा. पृष्ठभाग २५ टक्के प्रकाश परतवणारा असेल तर उत्तर येतं ४२ मीटर, ५ टक्केच परतवणारा असेल तर ९४ मीटर. मोजलेली चमक तीच, पण लहान उजळ दगड की मोठा काळा, हे दृश्य प्रकाशात कळत नाही. उष्णतेचं उत्सर्जन मोजलं की कळतं, म्हणून मार्च २०२५ मध्ये अवकाशातल्या वेब दुर्बिणीने अवरक्तात पाहिला आणि ६० मीटर, अधिक-उणे ७, असं उत्तर आलं.

४० आणि ९० हे आकडे शेजारी छापलेले पाहून कुणाला काही वाटत नाही. वस्तुमान व्यासाच्या घनाबरोबर वाढतं. ९० मीटरचा दगड ४० मीटरच्या अकरा पटींहून जड, आणि वेग तोच असेल तर ऊर्जाही तितकीच जास्त. बातमीतलं '४० ते ९०' म्हणजे नुकसानीचा अंदाज दहापटीने इकडेतिकडे.

तिरपाअक्ष:
काय बघावं याबद्दल. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेची धोकादायक लघुग्रहांची 'सेंट्री' यादी आणि स्मॉल-बॉडी डेटाबेस दोन्ही सर्वांना खुले आहेत. लघुग्रहाचं नाव टाका आणि आधी टक्केवारी सोडून तीन गोष्टी वाचा.

डेटा आर्क, म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या निरीक्षणात किती दिवस गेले. आर्क ५-१० दिवसांचा असेल तर टक्केवारीवर चर्चा करण्यात अर्थ नाही. मग कंडिशन कोड, ० ते ९. ० म्हणजे कक्षा पक्की, ७ च्या वर म्हणजे अजून सगळं वाऱ्यावर. तिसरी गोष्ट, शेवटचं निरीक्षण कधीचं आहे. लघुग्रह दिसेनासा झाला असेल तर आकडा तिथेच गोठतो आणि पुढच्या फेरीपर्यंत हलत नाही. गोठलेला आकडा दर सहा महिन्यांनी 'नवा धोका' म्हणून फिरतो, हा प्रकार सर्वांत वैताग आणणारा.

टकरीचा धोका सांगणारी तोरिनो श्रेणी ० ते १० अशी आहे आणि ती लोकांसाठी. वायआर४ त्यात ३ वर गेला होता, अपोफिस ४ वर. अभ्यासक पालेर्मो ही दुसरी श्रेणी बघतात. तिथे ० म्हणजे त्या तारखेपर्यंत तेवढा किंवा त्याहून मोठा कुठलाही लघुग्रह आदळण्याचा जो सर्वसाधारण धोका असतो, तेवढाच. –२ म्हणजे त्याचा शंभरावा हिस्सा. सेंट्रीतल्या बहुतेक नोंदी –२ च्याही खाली असतात, त्यांच्यावर लेख पाडणाऱ्यांकडे खुशाल दुर्लक्ष करा.

आणखी एक शब्द बातमीत शोधा: जुन्या छायाचित्रांतली नोंद. लघुग्रह सापडण्याआधीच कुठल्या तरी आकाशचित्रात पडलेला असतो, कुणी बघितलेला नसतो. अपोफिसच्या बाबतीत २७ डिसेंबर २००४ ला मार्च महिन्यातली अशी चित्रं सापडली, आर्क झटक्यात काही महिन्यांनी वाढला आणि २०२९ ची टक्कर त्याच दिवशी बाद झाली.

शंकासूर:
तीनात एक हे फार उपयोगी पडलं, आभार. पण आकडा ३ वर असतानाच यान पाठवायची तयारी का सुरू करू नये? नासाच्या डार्ट यानाने लघुग्रह ढकलून दाखवलाच आहे.

लंबवर्तुळ:
डार्टमध्ये सुमारे ५८० किलोचं यान सेकंदाला ६.१ किमी वेगाने डायमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर आदळवलं, २६ सप्टेंबर २०२२ ला. डायमॉर्फसची त्याच्या मोठ्या जोडीदाराभोवतीची प्रदक्षिणा ११ तास ५५ मिनिटांवरून सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाली. उत्तम प्रयोग. पण तिथे लक्ष्याचं वर्तन वर्षानुवर्षं मोजलेलं होतं.

ढकलण्याचा हिशोब असा. कक्षेच्या दिशेने सेकंदाला १ सेंटिमीटर फरक पाडला आणि हातात १० वर्षं असतील, तर नुसत्या गुणाकाराने ३,१५० किमी. वेग बदलल्याने परिभ्रमणकाळही बदलतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याच्या साधारण तिप्पट. पृथ्वीची त्रिज्या ६,३७८ किमी, म्हणजे जेमतेम पुरतं. हातात ४ वर्षंच असतील तर त्याच कामाला अडीचपट धक्का लागतो.

आणि ३ टक्क्यांवर असताना मुख्य अडचण धक्क्याची नसतेच. लघुग्रह पट्ट्यात पृथ्वीच्या पुढे आहे की मागे, हे ठाऊक नसतं. चुकीच्या बाजूला ढकलला तर चुकणारा दगड नेमका पृथ्वीवर आणाल. शिवाय वस्तुमान अकरा पटींनी अनिश्चित असताना यान किती जड हवं हे कसं ठरवणार? जास्त जोर लागला तर तुकडे. म्हणून आधी मापं, मग यान.

मंदप्रत:
सहमत, पण यानाचं राहू द्या, आकडे जाहीर करण्याबद्दल माझं मत वेगळं. १ टक्का ओलांडला की आंतरराष्ट्रीय सूचना निघते, ती निघायलाच हवी. पण रोजचा दशांशातला चढउतार मथळ्यात यावा असं मला वाटत नाही. टक्केवारीसोबत आर्कचे दिवस छापणं सक्तीचं असावं.

तिरपाअक्ष:
रोजचे आकडे लपवले तर लोक 'काहीतरी दडवतायत' म्हणतील, त्यापेक्षा हा गोंधळ परवडला. आणि उघडे आकडे असल्यामुळेच तर कळलं की पृथ्वी सुटल्यावर वायआर४ चंद्रावर आदळण्याचा आकडा वाढला. मे २०२५ मधल्या वेबच्या मापांनंतर तो ३.८ वरून ४.३ झाला. कारण तेच: पट्टा आकसला आणि चंद्र अजून त्यात होता. चंद्राचा व्यास ३,४७४ किमी, आता त्या वेळचा पट्टा किती लांब होता याचा ढोबळ अंदाज ज्याचा त्याने काढावा.

शंकासूर:
३,४७४ भागिले ०.०४३, साधारण ८१ हजार किमी. म्हणजे जानेवारीतल्या पट्ट्यापुढे अगदीच चिंचोळा.

तिरपाअक्ष:
हो. फक्त एकसारखा पट्टा धरून काढलाय हे ध्यानात ठेवा. चंद्र मध्यापासून बाजूला असेल तर हे उत्तर तसंच्या तसं चालणार नाही.