वकील कच्चा होता, एवढ्याने भागत नाही
'अमेरिकेत वकिलाने हलगर्जीपणा केला असं अपिलात दाखवलं की फाशी रद्द होते' हे विधान फारच भाबडं आहे. तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या १९८४ च्या स्ट्रिकलँड निकालानुसार दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: वकिलाचं काम किमान दर्जाच्याही खाली होतं, आणि ते नीट झालं असतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती. खरी गोची दुसऱ्या अटीत. ज्या वॉशिंग्टन नावाच्या कैद्याच्या खटल्यातून ही कसोटी आली, त्याला फ्लोरिडाने त्याच वर्षी जुलैमध्ये मृत्युदंड दिलासुद्धा!

शिवाय पुरावा कुठे मांडला यावरही घोडं अडतं. ॲरिझोना राज्यातला मृत्युदंडाचा कैदी बॅरी जोन्स बघा. चार वर्षांच्या मुलीच्या पोटातली जीवघेणी इजा नेमकी कधी झाली, यावर अख्खा खटला उभा होता, आणि बचावाच्या वकिलाने तो वैद्यकीय पुरावा धड तपासलाच नाही. पुढे राज्याच्या कोर्टात शिक्षेला आव्हान देणाऱ्या त्याच्या दुसऱ्या वकिलानेही तो मुद्दा काढला नाही. फेडरल (म्हणजे केंद्राच्या कोर्टातल्या) न्यायाधीशाने नवा पुरावा ऐकून २०१८ मध्ये त्याला दोषी ठरवणारा निकालच रद्द केला. पण २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, राज्याच्या कोर्टात न आलेला पुरावा, अगदी मोजके अपवाद सोडले तर, फेडरल कोर्टाने बघायचाच नाही. म्हणजे दुसऱ्या वकिलाची चूकही कैद्याच्याच माथी! २०२३ मध्ये सरकारी पक्षाशी तडजोड होऊन, कमी गंभीर गुन्हा कबूल केल्यावर तो सुटला.