तिरंदाजी: ठिपका पिवळ्यावर आला की बोट ट्रिगर ओढतं. हिंज घ्यावा का?

नवा_कंपाउंड:
कंपाउंड धनुष्यावर (टोकांना चाकं असलेलं धनुष्य) मनगटाला पट्ट्याने बांधायचा, तर्जनीच्या ट्रिगरचा रिलीज (दोरी धरून सोडणारं उपकरण) वापरतो. हल्ली साइटचा (नेम धरायच्या साधनाचा) ठिपका टार्गेटच्या मधल्या पिवळ्याच्या कडेला टेकला रे टेकला की बोट ट्रिगर ओढून मोकळं होतं. मध्यावर ठिपका थांबतच नाही. ५० मीटरवर बाण कुठेही जातात. पण अगदी जवळून, फेस (टार्गेटचा छापील कागद) न लावलेल्या बटवर (बाण रुततो तो जाड ठोकळा) मारतो तेव्हा रिलीज स्वच्छ सुटतो. सोबतचे म्हणतात, हिंज (ट्रिगर नसलेला, फिरला की सुटणारा रिलीज) घे, सवय जाईल. खरंच जाते का? ओढताना तो मध्येच सुटतो असंही ऐकलंय.

सरळ_दोरी:
थंब बटन (अंगठ्याने दाबायचा, हातात धरायचा रिलीज) घेऊन बघा. बटन अंगठ्याच्या टोकाला न ठेवता मुळाजवळ ठेवा. माझं काम त्यावर भागलं.

मागचा_खांदा:
थांब, लगेच खरेदी करू नकोस. याला टार्गेट पॅनिक म्हणतात. कोऱ्या बटवर रिलीज स्वच्छ सुटतो, म्हणजे हात आणि ट्रिगर दोन्ही ठीक आहेत. डोळ्यासमोर काही आलं की पापणी मिटते, तसं ठिपका दिसताच तुझं बोट वळतंय. उपकरण बदललं की काही दिवस बरं वाटतं, कारण हाताला ते नवं असतं. मग अंगठाही तेच शिकतो.

आधी आहे तोच रिलीज नीट वापर. ट्रिगरवर तर्जनीचं टोक ठेवतोस का? टोक फार चपळ असतं. पट्टा इतका आखूड कर की ट्रिगर बोटाच्या दुसऱ्या पेराशी येईल. मग बोट आकड्यासारखं अडकवून तसंच ठेव आणि कोपर मागे जाऊ दे. ट्रिगर हलका करण्याचा मोह बहुतेकांना होतो. मी शिकवते त्या मुलांना उलट तो थोडा जड करायला लावते, म्हणजे बोट टेकवायची भीती जाते. हे सगळं कोऱ्या बटवर, दोन-तीन मीटरवरून. फेस लावायची घाई नको. हा भाग कंटाळवाणा आहे आणि खरा फरक इथेच पडतो, म्हणून मी त्यावर अडून बसते.

आता हिंज. त्याला ट्रिगर नसतो. आत अर्धचंद्राची कड असते. रिलीजचं अंग फिरलं की हूक त्या कडेवरून घसरतो आणि दोरी सुटते. ओढताना भार तर्जनीवर आणि अंगठा खुंटीवर हवा. अँकरला (दोरी पूर्ण ओढल्यावर हात जबड्याशी टेकतो ती जागा) आल्यावर अंगठा सोडायचा, तर्जनी सैल करायची आणि पाठ ताणत राहायचं. भार मधल्या बोटांवर सरकतो तसा रिलीज फिरतो. ओढतानाच भार अनामिकेकडे गेला तर तो तेव्हाच फिरतो. ६० पौंडाचं धनुष्य ८० टक्के लेट-ऑफला (पूर्ण ओढल्यावर वजन जितकं कमी होतं ते) अँकरवर १२ पौंडच धरावं लागतं, पण वाटेत पूर्ण ६० पौंड हातात असतात. तिथे सुटला तर मूठ तोंडावर येते आणि बाण भलतीकडे जातो. तुझी भीती रास्त आहे.

म्हणून आधी आपल्या ड्रॉ-लेंग्थइतका (पूर्ण ओढल्यावरच्या लांबीइतका) दोरीचा फास गाठ मारून कर आणि त्याच्यावर हिंज सोडायला शीक. नुसत्या धनुष्यावर, बाण न लावता, कधीच नाही. ड्राय फायरने (बाणाशिवाय दोरी सोडल्याने) लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या) आणि कॅम (टोकांची चाकं) जातात. दोरीवर भरवसा बसला की कमी वजनाचं धनुष्य, जवळचा बट, आणि ओढताना बाण कायम बटकडेच.

हिंजवरही मनगट झटकून 'आत्ता!' करता येतं, हे लक्षात ठेव. सुटायच्या जरा आधी क्लिक वाजणाऱ्या हिंजवर तर क्लिक ऐकताच झटकणारे मी पाहिलेत.

नवा_कंपाउंड:
ताई, ट्रिगर बोटाच्या टोकावरच होता. पट्टा आखूड केलाय. टेन्शनवर सुटणारा (ठरावीक ताण आला की सुटतो तो) रिलीज हिंजपेक्षा सुरक्षित असतो का?

सरळ_दोरी:
ओढताना सेफ्टी दाबून धरलेली असते, त्यामुळे मध्येच सुटण्याचा धोका कमी. अँकरवर सेफ्टी सोडायची आणि वॉलवर (दोरी आणखी मागे येत नाही त्या टोकाला) ओढत राहायचं. तो होल्डिंग वेटपेक्षा (अँकरवर धरावं लागणाऱ्या वजनापेक्षा) थोडा वर सेट करतात. धनुष्याचं वजन किंवा लेट-ऑफ बदललं की पुन्हा सेट करावा लागतो, नाहीतर सेफ्टी सोडताच सुटू शकतो.

मागचा_खांदा:
बरोबर. पण तोही दोरीवरच शिकायचा. आणि पुढे कधी हातात धरायच्या रिलीजवर गेलास तर अँकर बदलेल: तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं जबड्याच्या हाडाच्या वर-खाली बसतील. पीप (दोरीतलं, ज्यातून बघायचं ते भोक) डोळ्यासमोर येत नसेल तर मान वाकवू नकोस, आधी डी-लूपची (दोरीवरचा छोटा फास, ज्यात रिलीज अडकतो) लांबी बघ, मग पीप सरकव. बाणांचा गट दुसरीकडे पडेल, तरी अँकर पक्का होईपर्यंत साइटला हात लावू नकोस.