पोरीला महापालिकेच्या शाळेत घालू की कर्ज काढून इंग्रजी माध्यमात?

शिरोलीचा मोल्डर: एमआयडीसीत फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) कामाला आहे. पोरगी जूनमध्ये पहिलीला जाणार. घराजवळच महापालिकेची शाळा आहे, बाई जीव लावून शिकवतात. पण गल्लीतली बाकी पोरं पिवळ्या बसनं जातात. बायको म्हणते, इथं घातली तर आपल्यासारखीच राहील. काय करू?

उत्तर १: आरटीईतून (शिक्षणहक्क कायद्यातून) खाजगी शाळांत २५ टक्के राखीव जागा असतात की. फॉर्म भरा, सोडतीत नंबर लागला तर फी नाही.

शिरोलीचा मोल्डर: त्याला आमच्या गटाला वर्षाला १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा दाखला लागतो. माझा पगार थोडा वर जातोय. फी भरण्याइतका मात्र नाही.

दसरा चौक: कर्ज काढू नका राव. मी राधानगरीकडचा, दहावीनंतर इथं कोल्हापुरात एका बोर्डिंगात (वसतिगृहात) राहून शिकलो. तिथं शिकवायला कुणी नव्हतं, खोल्यांत ढेकूण होते. पण वरच्या वर्गातली पोरं जेवताना सांगायची, स्कॉलरशिपची मुदत कधी, कुठला फॉर्म सोडायचा नाही, इंटरव्ह्यूला काय विचारतात. आमच्या घरात हे कुणाला ठाऊक? डॉक्टरच्या पोराला ते चहा पितापिताच कळतं, आणि शाळा त्यालाच हुशार म्हणते. बोर्द्यू नावाचा फ्रेंच समाजशास्त्रज्ञ याला सांस्कृतिक भांडवल म्हणायचा.

शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं उभी केली. १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोर न धाडणाऱ्या आईबापाला महिन्याला १ रुपया दंड. १९१९ ला अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या पोरांना सरकारी शाळेत सगळ्यांबरोबर बसवलं. बहुतेक बोर्डिंगं जातवारच होती, हे खरं. पण खेड्यातल्या पोराला शहरात ओळखपाळख मिळाली. आता शेजारी कोण बसणार ते फी ठरवते.

निवृत्त गुरुजी: दसरा चौकवाले, अर्धंच सांगितलंत. आपण सगळ्यांनी पोरं काढून घेतली म्हणून महापालिकेच्या वर्गात ज्यांना दुसरीकडं जाणं जमत नाही तेवढीच उरली. मग मोल्डरच्या पोरीला वाट सांगणारं पोर तिथं भेटणार कुठनं? मोल्डर, शाळा चांगली असेल तर घालाच, पण शाळा व्यवस्थापन समितीवर जा. पालक म्हणून तुमचा हक्क आहे. आणि चौथी-पाचवीपासून शिष्यवृत्तीची तयारी कोण करून घेतं, ते आत्ताच विचारा.

शिरोलीचा मोल्डर: समितीचं माहीत नव्हतं. रविवारी शाळेला सुट्टी, सोमवारी माझी सेकंड शिफ्ट आहे, सकाळी बाईंना गाठतो. बायकोलाही घेऊन जातो, नाहीतर घरात परत तेच.