मदत हवी आहे: छोट्या बाथरूमसाठी काळं आणि लाकडी सामान

नमस्कार मंडळी. डोंबिवलीत भाड्याचं घर आहे, बाथरूम जेमतेम चार बाय सहा फूट. टाइल्स पांढऱ्या, गुळगुळीत. शॉवर नाही, बादली-मगानेच आंघोळ, त्यामुळे पाणी कमरेच्या उंचीपर्यंत सगळीकडे उडतं. वर एक लहान खिडकी आहे, एक्झॉस्ट फॅन नाही. घरमालक ड्रिल करू देत नाहीत.

पांढऱ्या भिंतींवर काळा टॉवेल रॉड, काळे हुक आणि लाकडाचं एखादं शेल्फ मला फार आवडतं; एवढ्याशा जागेलाही त्याने रूप येतं. अडचण पाण्याची. सोसायटीत बोअरचं पाणी येतं, खारं. काळ्या मॅट साबणदाणीवर थेंब सुकले की पांढरे डाग पडतात. व्हिनेगरने डाग गेले, पण तिथला काळा रंग फिका पडला. बांबूचं छोटं स्टँड ठेवलं होतं, पावसाळ्यात त्याच्या पायांना खालून काळी बुरशी धरली. उन्हात वाळवून तेल लावलं, तरी पुन्हा आली. चिकटवायचे हुक मात्र छान टिकलेत, ओला टॉवेलही पेलतात.

स्टीलचं सामान घ्या असं घरचे म्हणतातच, पण मला हीच रंगसंगती हवी आहे. बजेट साधारण तीन हजार.

खाऱ्या पाण्यात काळ्या रंगाचं पावडर कोटिंग (रंगाची पूड भाजून बसवलेला थर) जास्त टिकतं की पीव्हीडी (निर्वात पोकळीत धातूवर चढवलेला पातळ, कडक थर)? आणि लाकूड खरंच वापरायचं तर पॉलिश केलेलं सागवान कमरेच्या वर लावून चालेल, की लाकडासारखं दिसणारं पीव्हीसीच घ्यावं? कोणी दोन-तीन पावसाळे वापरलंय का?