वाचन शिकवण्यात एम.ए. करावं का?

प्रश्न: मी तिसरीला शिकवते. वर्गातली काही मुलं जोडाक्षर आलं की अडतात. काही धडा घडाघडा वाचतात, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. वाचन-लेखन अध्यापनातली पदव्युत्तर पदवी नोकरी सांभाळून करायचा विचार आहे. वर्गात खरंच उपयोग होतो?

उत्तर: ताई, नक्की करा. या दोन अडचणी वेगळ्या आहेत, आणि त्या वेगळ्या ओळखायलाच तिथे शिकवतात. गॉफ आणि टनमर या वाचनाच्या अभ्यासकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचनाचं आकलन म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही भक्कम असली तरी हाती काही लागत नाही. हे वाचल्यापासून मी सगळ्या वर्गाला एकच सराव देत नाही.

दुसरं उत्तर: प्रवेशाआधी अभ्यासक्रम नीट बघा. मुलांसोबत देखरेखीखाली प्रत्यक्ष काम हवंच. नुसते निबंध असतील तर दुसरीकडे बघा.

प्रश्नकर्ती: आणि प्रबंधाला वेळ कुठून काढू?

पहिले उत्तरदाते: शाळेची, पालकांची परवानगी घेऊन स्वतःचाच वर्ग निवडा. मुलांच्या वाचनाच्या नोंदी तुम्ही ठेवत असालच.