अर्धी राहिलेली बाटली आणि घरभर फिरणारा घसा : तुमचे अनुभव सांगा

सुरंगी
गणपतीआधीची साफसफाई काढलीय. आज सासूबाईंचा औषधांचा पत्र्याचा डबा उपसला, तर तळाशी एक तपकिरी बाटली निघाली. अर्धी भरलेली, आत गुलाबी गाळ घट्ट बसलेला. लेबलावर माझंच अक्षर : 'सकाळ-रात्र ५ मिली'. ओट्याशी तशीच उभी राहिले. तीन वर्षांपूर्वीचा तो अख्खा पावसाळा डोळ्यांसमोर आला.

आम्ही गुहागरच्या बाजूला राहतो. घरात सात माणसं : सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि पुतणी. माझी दोन धरली तर नऊ. पावसात दारं-खिडक्या बंद, पोरं माजघरात एकाच गोधडीत, पाण्याला एक तांब्या आणि एक फुलपात्र. जूनमध्ये शाळा सुरू झाली आणि पंधरा दिवसांत मोठ्याला १०३ ताप. गिळताना रडायचा, थुंकीसुद्धा गिळवेना. जबड्याखाली दोन्हीकडे अवधाण, म्हणजे सुजलेल्या गाठी. खोकला नाही, नाक वाहत नाही. गावातल्या डॉक्टरांनी अँटिबायोटिकची पावडरची बाटली दिली, उकळून गार केलेल्या पाण्यात कालवायची. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात चिखल खेळत होतं. मी म्हटलं, बरं झालं, उगाच कशाला जास्त औषध पोटात. उरलेली बाटली जपून ठेवली.

तीन आठवड्यांनी पुन्हा तसंच. मग मी जपलेलं औषध दोन दिवस दिलं. (कालवलेलं औषध आठवड्यानंतर टाकून द्यायचं असतं, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.) मग धाकटी. मग पुतणी. मग जाऊबाई. पुन्हा मोठा. श्रावण असा गेला. एकाला पेज भरवून होतेय तोवर दुसऱ्याचं अंग तापलेलं.

शेवटी चिपळूणला बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी टॉर्च मारून टाळूवरचे लाल ठिपके मला दाखवले, घशाचा स्वॅब घेतला. दोन दिवसांनी रिपोर्ट : स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू, ए गटाचा. एकच प्रश्न विचारला, "आधीचं औषध किती दिवस दिलंत?" मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, ताप औषधाविनाही चार-पाच दिवसांत उतरतो, दहा दिवस औषध देतो ते हृदयाच्या झडपांसाठी.

त्या रात्री झोप लागली नाही. पोराच्या छातीवर हात ठेवून पडले होते.

मोठ्याचे दहा, धाकटीचे दहा, पुतणीचे दहा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज फुली मारून पुरे केले. जाऊबाईंना गोळ्या. ब्रश बदलले, प्रत्येकाचं फुलपात्र वेगळं. त्यानंतर वर्षभर घसा आला नाही. तुमच्याकडे असं झालं असेल तर लिहा. मला वाचायचंय.

भिरंड
दर पावसाळ्यात आमच्याकडे. वाचतेय. भात लावायची गडबड आहे, रात्री लिहिते.

खाजणकाठ
सुरंगीताई, त्या झडपांबद्दल मी सांगते, कारण आमच्या घरात ते घडलंय.

मोठी बहीण, देवगडकडचं गाव, १९८६-८७ असेल. ती नऊ वर्षांची. घसा दुखला, आईने हळद-मिठाच्या गुळण्या दिल्या, बरा झाला. कोणी डॉक्टरकडे जात नसे घशासाठी. तीनेक आठवड्यांनी गुडघा सुजला. दोन दिवसांनी गुडघा बरा आणि घोटा सुजला, मग मनगट. आजीला वाटलं करणी. दृष्ट काढली, अंगारा लावला. ताप हटेना तेव्हा बाबा तिला उचलून एसटीने घेऊन गेले. रुमॅटिक फीवर, घशातल्या याच जंतूनंतर येतो आणि सांधे, हृदय धरतो. सांधे ठीक झाले, झडप कायमची गेली.

मग दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन. कमरेत, जाड सुईने, दोन दिवस लंगडायची. कालनिर्णयवर बाबा लाल पेनने गोल करायचे. लग्नात, दहावीच्या परीक्षेत, पाऊस धो धो असताना, कधी चुकवलं नाही. पहिल्या बाळंतपणात सातव्या महिन्यात तिला धाप लागायला लागली, आडवं झोपता येईना. मुंबईला झडपेत फुगा घालून वाट मोकळी केली. आज ती ठणठणीत आहे, नातू सांभाळते. पण कोणाचं पोर घसा दुखतो म्हणालं की ती जागची उठते.

दहा दिवस म्हणजे दहा दिवस द्या हो.

रातांबा
@खाजणकाठ वाचून काटा आला. बहिणीला माझा नमस्कार सांगा.

पाणंद
मी औषधाच्या दुकानात बसतो, कुडाळला. अर्धी बाटली का उरते ते काउंटरवरून रोज दिसतं.

बाटली कालवल्यावर ६० मिलीची होते. ५ मिली सकाळ-रात्र म्हणजे दिवसाला १०. सहाव्या दिवशी संपते. दहा दिवसांना १०० मिली लागतं, म्हणजे दोन बाटल्या. चिठ्ठीवर '१० दिवस' लिहिलेलं असतं तरी माणूस म्हणतो एकच द्या, लागली तर येईन. येत नाही, कारण पोर बरं झालेलं असतं. मी दोन देतो आणि सांगतो : दुसरी आज कालवू नका, पहिली संपली की मगच. कालवल्यावर बहुतेक औषधं सात दिवसच चालतात, लेबलावर असतं लिहिलेलं, बघा. आणि डोस पोराच्या वजनावर असतो, भावाची बाटली बहिणीला चालत नाही.

गिऱ्हाईक आलं, जातो.

आगोट
गो बाय, वाचून डोळ्यांत पाणी इला. माझ्या झिलाक पण असाच होता. दहा दिवस पुरे केले तेव्हाच बरो झालो. आता मुंबैक आसा कामाक.

चौसोपी
माझ्या आजीचं औषध : तुरटी फुलवून मधात, बोटाने पडजिभेला. वर अडुळशाचा काढा. आम्ही सहा भावंडं त्यावर वाढलो. आताच्या मुलांना लगेच अँटिबायोटिक, ते पटत नाही मला.

सुरंगी
@चौसोपी काकू, काढा आमच्याकडेही होतो, ज्येष्ठमधाची काडी आजही पोरांच्या तोंडात असते. आराम पडतोच. पण सर्दी-खोकल्याचा घसा वेगळा आणि हा वेगळा, हे मला डॉक्टरांनी समजावलं. नाक वाहतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा साधा विषाणू, त्याला अँटिबायोटिक नकोच. एकाएकी मोठा ताप, गिळवत नाही, गाठी आल्यात आणि खोकला नाही, तर दाखवायचं. स्वॅबसाठी दोन दिवस थांबलो तरी घाबरू नका म्हणाले. दुखणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध चालू केलं तरी हृदय वाचतं. आमच्याकडे पावसात रस्ता बंद असतो म्हणून हे वाक्य मी मनात धरून ठेवलंय.

चौसोपी
बरं बाई. हे कोणी असं सांगितलं नव्हतं. नातवाला शनिवारी नेते, त्याचं तिसऱ्यांदा झालंय.

माडाचं_बन
आमचं श्रीवर्धन. २०२०, ३ जूनला निसर्ग वादळ आलं. कौलं गेली, सुपारीची अर्धी बाग आडवी, वीज तर विचारूच नका, आठवडेच्या आठवडे नाही. त्यात मुलीला ताप आणि घसा. ते दिवस आठवा, ताप-घसा म्हटलं की लोक अंगणात पाय टाकत नव्हते. करोनाची तपासणी झाली, नाही निघाला. डॉक्टरांनी घसा बघितला आणि ओळखलं. त्यांनी जी बाटली लिहिली ती फ्रिजमध्येच ठेवायची. फ्रिज कुठला! मी तोंडावर सांगितलं, डॉक्टर, घरावर छप्पर नाही. त्यांनी चिठ्ठी खोडली आणि पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या दिल्या. चमच्यात पाणी, गोळी, मेणबत्तीच्या उजेडात दहा दिवस. ताडपत्रीवर पाऊस वाजायचा आणि ती विचारायची, आई आज कितवा दिवस?

लाईट जाणाऱ्या गावात राहत असाल तर डॉक्टरांना हे आधी सांगा. गोळीचा पर्याय असतो.

रातांबा
माडाचं_बन, सुपारी परत लावलीत का?

माडाचं_बन
लावली. पाच-सहा वर्षं लागतात धरायला. आता कुठे सुरुवात.

ओहोळ
माझ्या मुलाच्या टॉन्सिल काढल्या गेल्या डिसेंबरात. वर्षात आठ वेळा घसा आला होता. आधी दोन डॉक्टर नको म्हणाले, सर्जननी वही मागितली, कधी ताप, कधी स्वॅब, सगळं तारखेनिशी. त्यांचा हिशोब : एका वर्षात सात वेळा, किंवा दोन वर्षं दरवर्षी पाच, किंवा तीन वर्षं दरवर्षी तीन. त्याच्या आत असेल तर वाट बघतात, बरीच मुलं वाढत्या वयात आपोआप सुटतात. माझ्याकडे वही होती म्हणून निर्णय सोपा झाला. सगळ्यांनी त्याला आइस्क्रीमचं आमिष दाखवलं होतं, पण दोन दिवस काहीच गिळवेना. गार झालेली उकड्या तांदळाची पेज तेवढी गेली, मीठ घालून, घोट घोट.

भिरंड
आले. हात धुऊन लिहितेय. @ओहोळ उकडा तांदूळ कुठला घेता? आमच्याकडे हल्ली मिळतो तो शिजतच नाही.

ओहोळ
घरचाच आहे. सावंतवाडीकडे बाजारात सुटा मिळतो, जाड लाल बघून घ्या.

भिरंड
बरं. माझा अनुभव. मुलगी सहा वर्षांची. घसा बरा होऊन दहा-बारा दिवस झालेले. सकाळी उठली तर डोळे सुजलेले, चेहरा फुगलेला. मला वाटलं डास चावला. शाळेत पाठवली. दुपारी आली आणि म्हणाली, आई माझी शू चहासारखी झालीय. बघितलं तर खरंच, कोऱ्या चहासारखी. तशीच रिक्षाने रत्नागिरीला. घशातल्या त्याच जंतूमुळे नंतर किडनीला सूज येते म्हणे. रक्तदाब वाढलेला, एवढ्याशा पोरीचा! पाच दिवस ॲडमिट, मीठ बंद, पाणी मोजून. बरी झाली पूर्ण, डॉक्टर म्हणाले मुलं यातून बहुतेक बरी होतात. पण घसा बरा झाला म्हणून विसरू नका, पुढचे दोन-तीन आठवडे लघवीचा रंग आणि सांधे यांवर डोळा ठेवा.

आजोळ_हर्णै
भिरंड, घट्ट मिठी. मीठ बंद म्हणजे मासळी पण नाही ना घशाखाली जात त्या वयात.

भिरंड
नाही ना. बांगड्याच्या वासाने रडायची. महिन्याने पहिली तिरफळ घातलेली आमटी केली, तीन वेळा भात घेतला तिने.

गोरखचिंच
आमच्याकडे उलटी गोष्ट. मुलाचं दर महिन्याला स्वॅब पॉझिटिव्ह. औषध पूर्ण दिलं, तरी पॉझिटिव्ह. शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की काही मुलांच्या घशात हा जंतू नुसता वस्तीला असतो, त्रास देत नाही, अशा मुलाकडून दुसऱ्याला सहसा लागतही नाही. त्याला जे महिन्याला होतं ते साधी सर्दी. वर्षभर मी त्याला विनाकारण औषध पाजत होते याचं फार वाईट वाटलं. आता खोकला-सर्दी असेल तर स्वॅबच करत नाही.

पाणंद
@गोरखचिंच बरोबर सांगितलंत. तसंच रक्ताची एएसओ तपासणी, या जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिद्रव्यं मोजणारी. घसा दुखला की लोक परस्पर करून येतात. ती पूर्वी होऊन गेलेलं दाखवते, आजच्या घशात काय आहे ते स्वॅबच सांगतो.

वाडीवरचा
काका पिंपरीला पेनिसिलिनच्या कारखान्यात होते, हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये. १९५४ साली उभा राहिला तो. मे महिन्यात गावी आले की अभिमानाने सांगायचे, आम्ही बनवतो त्याने पोरं वाचतात. एवढी वर्षं झाली, इतर औषधांना जंतू सरावले, पण घशातला हा स्ट्रेप्टो अजून पेनिसिलिनला सरावलेला नाही. काका गेले २००९ ला. ही चर्चा त्यांना आवडली असती.

खाजणकाठ
@वाडीवरचा बहिणीला वाचून दाखवलं हे. म्हणाली, त्या काकांच्या कारखान्यातलं इंजेक्शन मला मिळालं असेल कदाचित. डोळे पुसत होती.

रातांबा
एक विचारू का. चाकरमानी मंडळी शुक्रवारी येतायत, दिराच्या मुलीला कालच हे निदान झालंय, औषध सुरू. आरतीला घर भरलेलं असणार, तीर्थाची पळी एक. काय करू? नको यायला असं मी कोणत्या तोंडाने सांगू, वर्षाचा सण आहे.

सुरंगी
@रातांबा नका सांगू असं. औषध सुरू होऊन एक पूर्ण दिवस गेला की तिच्याकडून दुसऱ्याला लागत नाही. शुक्रवारपर्यंत ती मोकळी. फक्त तिचं फुलपात्र-टॉवेल वेगळा ठेवा, आणि डोस प्रवासात चुकू देऊ नका. दिरांना आजच फोन करून सांगा, औषध सामानात नको, हातातल्या पिशवीत. गाडीला गर्दी असते, सामान कुठे जातं कळत नाही.

रातांबा
केला फोन. दुसरी बाटली घेतलीच नव्हती त्यांनी! आता घेऊन निघतील.

आजोळ_हर्णै
धाग्याबद्दल आभार. आमचा आज सहावा दिवस. पोरगा सकाळपासून आंब्याच्या झाडावर आहे, ताप नाही, काही नाही. मी पण बंदच करणार होते. नवऱ्याला आत्ता बाजारात पाठवलंय दुसऱ्या बाटलीसाठी, आणि चुलीवर पाणी उकळत ठेवलंय.